टेलर : एक आडनाव, हजारो मूळपुरुष

१३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम एकाच दिवशी लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रंगला होता. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘क्वीन’ या बँडनं वीसेक मिनिटांत मैदान जिंकलं. समोर गात होता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बुलसारा, आणि त्याच्या मागे ड्रमवर होता रॉजर टेलर. त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या मंचावर ‘ड्युरॅन ड्युरॅन’ हा दुसरा इंग्लिश बँड वाजवत होता. त्याचा ड्रमर कोण? रॉजर टेलर! माणूस मात्र दुसरा. पहिला कॉर्नवॉलमध्ये वाढलेला, दुसरा बर्मिंगहॅमचा. नाव एक, आडनाव एक, वाद्यही एक, आणि नात्याचा पत्ता नाही. शिवाय ‘ड्युरॅन ड्युरॅन’च्या पाच जणांत आणखी दोन टेलर होते : बास वाजवणारा जॉन आणि गिटार वाजवणारा अँडी. हे तिघेही एकमेकांचे कुणी लागत नव्हते.

टेनिसच्या जुन्या शौकिनांना तिसरा रॉजर टेलर आठवेल. हा शेफील्डचा. १९७० च्या विम्बल्डनमध्ये त्यानं गतविजेत्या रॉड लेव्हरला घरी पाठवलं, आणि तीन वर्षांनी त्याच हिरवळीवर कोवळ्या बियाँ बोर्गलाही हरवलं.

एकाच देशात, एकाच काळात तीन नामवंत रॉजर टेलर कसे निघाले? ‘टेलर’ हे आडनाव इंग्लंडमध्ये इतकं पसरलेलं का आहे, हे कळलं की उत्तर आपोआप मिळतं. आणि या आडनावाच्या मागोमाग चालत गेलं, तर शिंप्याच्या दुकानातून निघून आपण कॅल्क्युलस, अणुबॉम्ब, गुलामगिरी, सिलोनचा चहा, नळदुर्ग आणि वानखेडे स्टेडियम असा लांबचा फेरफटका मारून येतो.

सुईदोऱ्याची पेठ

टेलर म्हणजे शिंपी, हे सांगायला नको. इंग्लंडमध्ये हा शब्द मात्र बाहेरून आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा आली. कापणाऱ्यासाठी त्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्यातून ‘टेलर’ घडला. त्याआधी इंग्रजांचा शिंप्यासाठी स्वतःचा ‘सीमर’ हा शब्द होता. तो धंद्याच्या बोलीतून पार पुसला गेला. आज तुरळक आडनावांत तेवढा उरला आहे.

बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला पिढीजात आडनाव नव्हतं. गावात चार जॉन असतील तर एक टेकडीवरचा जॉन, एक रॉबर्टचा मुलगा जॉन, एक लोहार जॉन आणि एक शिंपी जॉन, एवढ्यानं काम भागे. पुढं जमिनीचे दस्त, वारसाहक्क आणि करवसुली यांसाठी माणसाची पक्की ओळख लागू लागली. चौदाव्या शतकात, १३७७ ते १३८१ च्या दरम्यान, तीनदा डोईपट्टी बसवली गेली आणि कारकुनांनी गावोगावची माणसं कागदावर उतरवली. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लिश घराण्यांचं आडनाव ठरून गेलं होतं. शिंप्याचा मुलगा खाटीक झाला, तरी टेलरच राहिला.

व्यवसायावरून आडनावं तर सगळ्यांनाच पडली. मग टेलर एवढे का वाढले? एक कारण उघड आहे. बाजार भरणाऱ्या प्रत्येक गावाला शिंपी लागायचा. दुसरं कारण कमी लक्षात येतं. विणकरही भरपूर होते, पण त्यांची आडनावं वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर अशी फाटे फुटून विखुरली. शिंप्यांचा जुना शब्द मागे पडल्यामुळे सगळी गर्दी एकाच नावाखाली जमली. आज इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत टेलर अगदी वरच्या रांगेत आहे.

या धंद्याचा दबदबाही मोठा होता. लंडनच्या ‘मर्चंट टेलर्स कंपनी’ला, म्हणजे शिंप्यांच्या व्यवसायसंघाला, १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली. मानाच्या क्रमवारीत आपण सहावे की सातवे, यावरून या संघाचं कातडी व्यापाऱ्यांच्या संघाशी वैर पेटलं होतं. १४८४ मध्ये लंडनच्या महापौरानं निवाडा दिला : एका वर्षी यांनी सहावं चालावं, पुढच्या वर्षी त्यांनी. मानपानाची ती अदलाबदल आजही पाळली जाते.

रक्त काय सांगतं?

महाराष्ट्रातले सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात, कारण पाटीलकी गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे होती. टेलरांचंही तसंच आहे. यॉर्कमधल्या शिंप्याचे वंशज टेलर झाले आणि केंटमधल्या शिंप्याचेही झाले. दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

याला जनुकशास्त्राचाही पाठिंबा आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आणि इंग्लंडमध्ये आडनावही त्याच वाटेनं जातं. म्हणून दोन्हींची सांगड तपासता येते. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांचा मूळपुरुष एकच असावा, असं त्यातून दिसलं. स्मिथसारख्या उदंड आडनावाचे पुरुष मात्र एकमेकांशी कुठल्याही दोन अनोळखी माणसांइतकेच संबंधित निघाले. टेलर हे याच दुसऱ्या जातकुळीतलं आडनाव.

म्हणून पुढं जे टेलर भेटतील, त्यांना एका वंशवृक्षाच्या फांद्या समजू नये. त्यांना जोडणारा धागा फक्त आडनावाचा आहे.

खरोखरचं एक घराणं

अपवाद म्हणून एक टेलर घराणं मात्र आवर्जून सांगण्यासारखं आहे. एसेक्स परगण्यातल्या आँगर गावावरून ते ‘आँगरचे टेलर’ म्हणून ओळखलं जातं. वडील आयझॅक टेलर ताम्रपटावर चित्रं कोरणारे कारागीर आणि धर्मोपदेशक. त्यांनी मुलींनाही कोरीवकाम शिकवलं. ॲन आणि जेन या दोन बहिणी दिवसभर घरच्या कार्यशाळेत राबून उरलेल्या वेळात मुलांसाठी कविता लिहीत. १८०६ मध्ये दोघींचा बालगीतांचा संग्रह निघाला. त्यात जेननं लिहिलेली ‘द स्टार’ नावाची कविता होती.

हे नाव कुणाला फारसं आठवणार नाही, पण आपल्याकडच्या बालवाडीतलं प्रत्येक मूल ती कविता ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणून पाठ म्हणतं. तिला बसलेली चाल जेनची नाही. ती एका अठराव्या शतकातल्या फ्रेंच गीताची आहे, आणि मोझार्टनं त्याच चालीवर पियानोसाठी रचना केल्या होत्या. जेन १८२४ मध्ये वारली. तिची कविता जगभर पोचली आणि कवयित्रीचं नाव वाटेतच गळून पडलं.

मालेचा मानकरी आणि मैलभरावरची मेणबत्ती

विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला टेलर भेटतो तो ‘टेलर सिरीज’मध्ये. ब्रुक टेलरचा जन्म १६८५ मध्ये लंडनजवळच्या एडमंटनचा. घर खाऊनपिऊन सुखी. न्यूटन आणि लायब्निट्स यांच्यात कॅल्क्युलस आधी कुणी शोधलं यावरून भांडण जुंपलं, तेव्हा रॉयल सोसायटीनं १७१२ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीत हा तरुणही होता. १७१५ मध्ये त्यानं लॅटिनमध्ये एक ग्रंथ काढला. वक्राकार, अवघड फलनांच्या किमती बेरजेच्या एका अनंत मालेनं हव्या तितक्या अचूक कशा काढायच्या, याची युक्ती त्यात होती. संगणकावर साइन किंवा लॉगॅरिदमच्या किमती काढताना अशा बहुपदींचं तत्त्व उपयोगी पडतं.

ही युक्ती त्याच्या आधीही काहींना गवसली होती. स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरीला १६७१ च्या सुमारास, आणि साइन-कोसाइनच्या बाबतीत केरळच्या संगमग्रामातल्या माधवाला तर चौदाव्या शतकातच. खुद्द ब्रुकच्या हयातीत त्याच्या सूत्राकडे फारसं कुणी पाहिलं नाही. लाग्रांजनं १७७२ मध्ये त्याचं महत्त्व ओळखलं, तोवर ब्रुकला जाऊन चार दशकं उलटली होती. त्याची पहिली पत्नी बाळंतपणात गेली, दुसरीही बाळंतपणातच गेली आणि पाठोपाठ १७३१ मध्ये तोही गेला.

दोनशे वर्षांनी दुसरा टेलर आला, जेफ्री इन्ग्रम. विज्ञानात तो ‘जी. आय.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. या टेलरची बुद्धी कुठून आली याचा शोध बापाच्या आडनावात घेऊन भागत नाही, कारण ती वाट आईकडून जाते. आई मार्गारेट ही जॉर्ज बूलची मुलगी. आजचा प्रत्येक संगणक ज्या तर्काच्या बीजगणितावर चालतो, ते मांडणारा हाच बूल. आणि बूलची पत्नी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. भारताच्या मोजणीचं प्रचंड काम पुढं नेणारा आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला ज्याचं नाव मिळालं, तोच हा एव्हरेस्ट. बूल आणि एव्हरेस्ट या दोन्ही वारशांचा मागमूस टेलर या आडनावात कुठं लागतो?

जी. आय. नं १९०९ मध्ये एक विलक्षण प्रयोग केला. मैलभराहून थोडं दूर जळणाऱ्या मेणबत्तीइतका क्षीण प्रकाश सुईवर पाडून त्यानं फोटोची काच उघडी ठेवली. सर्वांत मंद प्रकाशासाठी ती जवळपास तीन महिने तशीच ठेवावी लागली. प्रकाश इतका तुटपुंजा असूनही सावलीच्या कडेला तीव्र प्रकाशात दिसतात तेच पट्टे उमटले. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर हिमनगांवर नजर ठेवायला १९१३ मध्ये एक जहाज पाठवलं गेलं. त्यावर हवामानतज्ज्ञ म्हणून जाऊन त्यानं वाऱ्यातल्या खळबळीचा अभ्यास केला. नौकांसाठी नांगराच्या फाळासारखा दिसणारा एक नवा नांगरही त्यानं शोधला.

त्याची सर्वांत गाजलेली गोष्ट अणुबॉम्बची. १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणीस्फोट झाला. त्याची ताकद अमेरिकेनं गुप्त ठेवली होती, पण छायाचित्रं मात्र प्रसिद्ध होऊ दिली. आगीचा गोळा किती वेळात किती मोठा झाला, हे त्या फोटोंवरून मोजून टेलरनं १९५० मध्ये आकडा छापला : सुमारे १७ हजार टन टीएनटी. अनेकदा ही कथा एका पाकिटाच्या पाठीवर केलेल्या हिशेबाची म्हणून रंगवली जाते. खरं तर त्यामागचं गणित त्यानं १९४१ मध्येच ब्रिटिश सरकारसाठी करून ठेवलं होतं. फोटो हाती आल्यावर त्यानं ते फक्त ताडून पाहिलं.

अलीकडच्या काळात भौतिकशास्त्राचं नोबेलही दोन टेलरांना मिळालं. क्वार्क या मूलकणांचा पुरावा देणाऱ्या प्रयोगांसाठी १९९० मध्ये कॅनडात जन्मलेल्या रिचर्ड टेलरला इतर दोघांसह, आणि जोडीनं फिरणाऱ्या पल्सार या ताऱ्याच्या शोधासाठी १९९३ मध्ये अमेरिकेच्या जोसेफ टेलरला रसेल हल्ससह. त्या पल्सारच्या जोडीची कक्षा हळूहळू आक्रसत होती, आणि तो वेग आइनस्टाइनच्या सिद्धांताबरहुकूम निघाला. गुरुत्वलहरी आहेत याचा तो पहिला भक्कम, पण अप्रत्यक्ष पुरावा.

डोळ्यांचा भोंदू, घड्याळाचा भक्त

सगळेच टेलर भूषणावह नव्हते. अठराव्या शतकात ‘शेव्हेलियर’ म्हणवून घेणारा जॉन टेलर नावाचा नेत्रवैद्य डोळ्यांची चित्रं रंगवलेल्या घोडागाडीतून युरोपभर फिरे. गावात आला की आधी भाषण, मग शस्त्रक्रिया आणि पट्टी सुटायच्या आत पसार. १७५० मध्ये लाइपत्सिगला त्यानं योहान सेबास्टियन बाखच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी गेली, प्रकृती ढासळली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो वारला. पुढं काही वर्षांनी संगीतकार हँडलही त्याच्याच हाती सापडला, आणि त्यालाही नजर परत मिळाली नाही. एकाच शतकातल्या दोन महान संगीतकारांना अंधार देणारा वैद्य म्हणून हा टेलर इतिहासात राहिला.

दुसरा वादग्रस्त टेलर म्हणजे फ्रेडरिक विन्स्लो, जन्म १८५६, फिलाडेल्फिया. १८८१ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत दुहेरीचा विजेता होता, पण जगानं त्याला ओळखलं ते हातातल्या स्टॉपवॉचमुळे. कामगाराची प्रत्येक हालचाल सेकंदात मोजायची, अनावश्यक हालचाल काढून टाकायची आणि उरलेली एकच ‘सर्वोत्तम पद्धत’ सगळ्यांवर बांधायची, हा त्याचा मंत्र. बेथलेहेम स्टील कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल उचलत असे. टेलरनं सांगितलं की नीट निवडलेला माणूस नेमक्या विश्रांतीसह साडेसत्तेचाळीस टन उचलू शकतो. मजुरी वाढली १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरपर्यंत. म्हणजे काम जवळपास चौपट, पगार दीडपटीच्या थोडा पुढं. टेलरनं ही कहाणी बरीच रंगवून सांगितली होती, हे संशोधकांनी पुढं दाखवून दिलं.

१९११ मध्ये त्याचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक निघालं, आणि त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात या पद्धतीविरुद्ध कामगारांनी काम बंद पाडलं. त्याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढं जबाब द्यावा लागला. गंमत अशी की भांडवलशाहीचा हा लाडका माणूस रशियात लेनिनलाही उपयोगाचा वाटला. आज गोदामात पार्सल उचलणाऱ्याचा प्रत्येक मिनिट यंत्र मोजतं, त्यामागची कल्पना याच टेलरची.

मालकाचं आडनाव, गुलामाचं आडनाव

इंग्लिश माणसं वसाहती करायला निघाली, तसं त्यांचं आडनावही निघालं. अमेरिकेत त्यात आणखी भर पडली. जर्मनीतून आलेल्या काही श्नायडर मंडळींनी इंग्रजी वळण घेत टेलर हे नाव लावलं. पण सर्वांत वेदनादायक भर पडली ती गुलामगिरीतून. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची मूळ नावं हिरावली गेली आणि त्यांच्या वंशजांच्या वाट्याला इंग्लिश आडनावं आली.

अमेरिकेचे १२ वे राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर हे मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाचे नायक आणि शंभराहून अधिक गुलामांचे मालक. राजकारणात इतके कोरे की अध्यक्षपदाआधी त्यांनी कधी मतदानही केलं नव्हतं. तरीही नव्या पश्चिमेकडच्या प्रदेशात गुलामगिरी पसरू देण्याला त्यांनी विरोध केला. जुलै १८५० मध्ये, जेमतेम १६ महिन्यांत, ते आजारानं वारले. विषप्रयोगाची शंका इतकी चिवट की १९९१ मध्ये त्यांचे अवशेष उकरून तपासले गेले. विषबाधेचा पुरावा सापडला नाही. त्यांची एक मुलगी जेफरसन डेव्हिसला दिली होती आणि लग्नानंतर तीनच महिन्यांत मलेरियानं गेली. पुढं गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष झाला तो हाच डेव्हिस.

आणि याच आडनावाची दुसरी बाजू म्हणजे मार्शल ‘मेजर’ टेलर. १८७८ मध्ये इंडियानापोलिसला जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा सायकलच्या दुकानाबाहेर सैनिकी गणवेशात कसरती करी, म्हणून लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले. १८९९ मध्ये माँट्रियलला तो सायकल स्प्रिंटचा जगज्जेता झाला. गोरे स्पर्धक शर्यतीत संगनमतानं त्याची वाट अडवत, हॉटेलं खोली नाकारत. ऐन भरात असताना श्रद्धेपायी तो रविवारी शर्यतीत उतरत नसे, आणि त्यासाठी त्यानं मोठमोठे करार नाकारले. १९३२ मध्ये शिकागोत तो कंगाल अवस्थेत वारला आणि बेवारस दफनभूमीत पुरला गेला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष काढून सन्मानानं नव्यानं दफन केलं.

गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लायबेरिया वसवला गेला. अमेरिकेतून गेलेल्यांच्या वंशात तिथं इंग्लिश आडनावं रुजली. तिथला चार्ल्स टेलर १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या अत्याचारांना साथ दिल्याबद्दल सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयानं २०१२ मध्ये त्याला ५० वर्षांची कैद सुनावली. शिक्षा भोगायला त्याला पाठवलं कुठं? इंग्लंडमध्ये, डरहॅमजवळच्या तुरुंगात. आडनाव जिथून निघालं, त्या देशात तो कैदी म्हणून पोचला. ग्रंथालयात चार्ल्स टेलर शोधाल, तर बहुधा आधी सापडेल तो कॅनडाचा, आधुनिक माणूस आणि धर्म यांच्यावर ‘अ सेक्युलर एज’ लिहिणारा तत्त्वज्ञ. दोघांत फक्त नावच सारखं.

लग्नानं आलेलं, लग्नांत हरवलेलं

बायकांच्या बाबतीत आडनाव आणखी फसवं. तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिलची सहलेखिका हॅरिएट टेलर ही माहेरची हार्डी. टेलर हे तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, औषधांच्या व्यापाऱ्याचं. तो वारल्यावर १८५१ मध्ये ती मिल झाली. स्त्रियांच्या हक्कांवर मिलनं जे मांडलं, त्यामागं तिचा वाटा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

दोन एलिझाबेथ टेलरांचं तर दैवच विचित्र. नटी एलिझाबेथ १९३२ मध्ये लंडनला, अमेरिकी आईबापांच्या पोटी जन्मली. आठ लग्नं केली, त्यांतली दोन रिचर्ड बर्टनशी. दोन ऑस्कर मिळवली. आणि १९८५ मध्ये एड्सचं नाव काढायलाही लोक बिचकत होते तेव्हा संशोधनासाठी पैसा उभा करायला पुढं सरसावली. आठ लग्नं होऊनही जगानं तिला बापाच्याच आडनावानं ओळखलं. दुसरी एलिझाबेथ इंग्लिश कादंबरीकार, जन्म १९१२. माहेरची कोल्स, लग्नानं टेलर. मध्यमवर्गीय घरांतल्या एकटेपणावर तिनं फार बारकाईनं लिहिलं. तिची १९७१ ची कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. पण नाव छापून आलं की वाचकाला आठवे ती नटीच.

आता तर हे आडनाव पहिलं नावही होऊ लागलं आहे. गायिका टेलर स्विफ्टचं नाव अमेरिकी गायक जेम्स टेलरच्या आडनावावरून ठेवलं गेलं.

नळदुर्ग, सिलोन आणि वानखेडे

जेम्स टेलर हे नाव आणखी एका माणसाचं, आणि त्याच्याशी आपला रोजचा संबंध असू शकतो. हा स्कॉटिश तरुण सिलोनला गेला आणि १८६७ मध्ये लूलेकोंदेरा मळ्यात १९ एकरांवर त्यानं चहा लावला. त्यानंतर कॉफीवर तांबेरा पडला, बागा उजाड झाल्या आणि सिलोन चहाचा देश बनला.

महाराष्ट्राशी सर्वांत घट्ट नातं जडलं ते फिलिप मेडोज टेलरचं. लिव्हरपूलला १८०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा १८२४ मध्ये मुंबईत उतरला आणि लवकरच निजामाच्या फौजेत लागला. मराठी, हिंदुस्तानी, फारसी शिकला. आज कर्नाटकात असलेल्या सुरपूर संस्थानाचा कारभार त्यानं पाहिला आणि तिथं तलाव बांधले. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्हा त्याच्या ताब्यात आला, आणि १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला धाडलं गेलं. १८३९ ची त्याची ठगावरची कादंबरी इंग्लंडमध्ये तुफान वाचली गेली. तुळजापूर-नळदुर्ग पट्टा डोळ्यांखालून घातलेल्या या माणसानं १८६३ मध्ये ‘तारा’ लिहिली, ती तुळजापुरातल्या एका ब्राह्मण तरुणीची, अफझलखानाच्या स्वारीच्या काळातली कथा. साहेबी नजर तिच्यात आहेच. पण दख्खनची माणसं जवळून पाहिल्याच्या खुणाही आहेत.

मुंबईकर क्रिकेटप्रेमींना आठवतो तो इंग्लंडचा यष्टिरक्षक बॉब टेलर. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना झाला. १६ तारखेला सूर्यग्रहण असल्यानं त्या दिवशी विश्रांती ठेवली होती! इंग्लंड ५ बाद ५८ अशा अवस्थेत सापडलं. कपिल देवच्या चेंडूवर यष्टीमागे झेलबाद म्हणून पंचांनी टेलरला बाद दिलं, पण बॅट लागली नाही असं वाटल्यानं भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथनं त्याला परत बोलावलं. मग त्यानं आणि इयन बोथमनं १७१ धावांची भागी रचली. बोथमनं शतक ठोकून १३ बळी घेतले, टेलरनं यष्टीमागे तेव्हाच्या विश्वविक्रमी १० झेलांची नोंद केली आणि भारत १० गडी राखून हरला. विश्वनाथचा दिलदारपणा मात्र निकालापेक्षा जास्त लक्षात राहिला.

क्रिकेटमध्ये आणखीही टेलर आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मार्क टेलरनं १९९८ मध्ये पेशावरला नाबाद ३३४ वर डाव घोषित केला आणि ब्रॅडमनच्या आकड्याशी बरोबरी करून थांबला. इंग्लंडची क्लेअर टेलर २००९ मध्ये ‘विस्डेन’च्या वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत निवडली गेलेली पहिली स्त्री ठरली. न्यूझीलंडचा रॉस टेलर आईकडून सामोअन. क्रिकेटच्या तिन्ही प्रकारांत शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारा तो पहिला.

हिशेब

एवढ्या टेलरांत कपडे शिवून प्रसिद्ध झालेला एकही नाही. आडनाव पडलं तेव्हाच्या एका पूर्वजाचा धंदा तेवढा त्यात कळतो. पुढच्या पिढ्यांची बुद्धी, नीती, रंग, देश यांतलं काहीच कळत नाही. उलट लग्न, स्थलांतर, वसाहती आणि गुलामगिरी यांनी ते कुणाकुणाला चिकटवलं, हे पाहिलं की एका जमातीचा नाही, तर अख्ख्या साम्राज्याचा इतिहास समोर येतो. म्हणून आडनावावरून माणसाचं कूळ आणि वकूब ठरवण्याची आपली सवय टेलरांच्या बाबतीत जितकी निरर्थक आहे, तितकीच ती आपल्या आडनावांच्या बाबतीतही आहे. ग्रंथपाल सूचीत नावापुढं जन्मसाल लिहितात, ते याचसाठी. कुठलाही टेलर वाचनात आला की पूर्ण नाव, जन्मसाल आणि गाव या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, आणि नात्याचा निष्कर्ष कागदोपत्री पुरावा मिळेपर्यंत काढूच नये.